तुळशीतली तार

लग्न होऊन तुळजापूरला आले तेव्हा पहिले काही महिने सासूबाई माझ्यावर भलत्याच खूष होत्या. सून कुणी न उठवता पहाटे उठते, कोंबड्याच्या आधी चूल पेटवते, असं कौतुक त्यांनी आळीभर करून ठेवलं होतं. खरी गोष्ट अशी की मला उठवायचं काम त्यांचे चिरंजीवच करायचे, आणि ते चुलीसाठी नव्हे, रेडिओसाठी. चूल मी आपली जाता जाता पेटवून ठेवायची.

माझं माहेर बार्शीचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. तुळजापूर मोगलाईत, निजामाच्या राज्यात. अंतर फार नाही, पण नाका ओलांडला की सगळंच वेगळं. सुट्टी रविवारऐवजी शुक्रवारी, कचेरीतला कागद उर्दूत, आणि सरकारी महिन्यांची नावं तर मी कधी ऐकलीसुद्धा नव्हती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तहसिलीत कारकुनी करून निवृत्त झालेले. मराठी बोलतानाही ते निम्मं दफ्तर बोलायचे. भाजीत मीठ जास्त पडलं तर म्हणायचे, "तक्रार न्हाई, फक्त इत्तिला देतो." इत्तिला म्हणजे खबर. घरात आम्ही चौघंच: मामंजी, सासूबाई, मी आणि हे.

'हे' म्हणजे माझे यजमान. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात घास भरवताना उखाण्यात घ्यावं लागलं, तेही मी इतकं तोंडातल्या तोंडात घेतलं की ऐकू आलं नाही अशी वऱ्हाडातल्या बायकांची तक्रार कित्येक दिवस चालली होती. ह्यांनी ती कायमची धरून ठेवली. "मी तर काहीच ऐकलं न्हाई. म्हंजे लग्न अजून पुरतं लागलंच न्हाई," असं म्हणून मला चिडवायचे. मी म्हणायची, "मग बार्शीला पोचवा." त्यावर मात्र ते लगेच विषय बदलत.

हे पुण्याला राहून वायरलेसचं काम शिकून आले होते, आणि येताना एक रेडिओ घेऊन आले होते. आमच्या आळीत तेव्हा वीज नव्हती. रेडिओ चालायचा तो मोटारीला असते तसल्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या बॅटरीवर. ती उतरली की सर्विस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या बसनं, सोलापूरला पाठवायची, तिथं भरून घ्यायची आणि परत आणायची. परत येताना नाक्यावर करोडगिरीवाले अडवायचे, कारण इंग्रजी मुलखातून काहीही आलं तरी त्यावर जकात. मामंजी पहिल्यांदा बॅटरी घेऊन आले तेव्हा शिपायानं विचारलं, आत काय आहे. मामंजींनी अदबीनं सांगितलं, "बिजली है." जाताना रिकामी गेली होती आणि येताना भरून आली, म्हणजे माल तर आला होताच. पण विजेवर जकात किती, हे नाक्यावरच्या कुठल्याच पुस्तकात सापडेना. शेवटी त्यांनी बॅटरी उचलून पाहिली, जातानाही एवढीच जड होती का विचारलं, आणि सोडून दिलं. ही हकीकत मामंजी जन्मभर सांगत राहिले, आणि दर वेळी तो शिपाई जरा जास्त बावळट होत गेला.

दिवसा रेडिओवर मुंबई लागायची, हैदराबाद लागायचं. ते मामंजींचं. पहाट मात्र आमची होती. त्या काळी एकत्र घरात नव्या जोडप्यानं दिवसाउजेडी शेजारी बसून बोलायची सोय नव्हती. ओसरीच्या कडेच्या खोलीत, दार लोटून, आवाज अगदी बारीक करून आम्ही दोघं त्या पेटीसमोर बसायचो. आधी नुसती खरखर, तव्यावर दाणे भाजल्यासारखी. मग हे बटण अगदी केसभर फिरवायचे आणि त्या खरखरीतून कुणीतरी बोलायला लागायचं. रंगून. बँकॉक. सायगॉन. सिंगापूर. एखादी बाई नाकातून गायची, कुठं घंटा वाजायची. भाषेचं एक अक्षर कळायचं नाही, पण मला इतका आनंद व्हायचा की सांगता सोय नाही. बार्शीच्या पलीकडं मी कधी गेले नव्हते, आणि इथं गुडघ्याला गुडघा लावून बसून सगळा पूर्वेचा मुलूख ऐकत होते.

"पहाटेच का लागतंय हे?" मी एकदा विचारलं.

"अंधारात लाटा लांबपत्तर जातेत. ऊन आलं की विरघळतेत," ते म्हणाले. "तिकडं आत्ता उजाडलंय. आपल्याकडं व्हायचाय तो दिवस त्यांच्याकडं झाला बी."

हे मला फार आवडलं. पुढं काय होणार आहे ते कुणाला तरी आधीच ठाऊक असतं, असं काहीतरी मी त्यातून काढलं. बटण कसं फिरवायचं हेही त्यांनी मला शिकवलं. माझी बोटं त्यांच्यापेक्षा हलकी होती. थोड्याच दिवसांत ते नुसते भिंतीला टेकून बसायचे आणि स्टेशन मी लावायची.

आता त्या तारेबद्दल सांगायला हवं, कारण पुढं सगळं तिच्यावरच आलं. रेडिओला दोन तारा लागतात. एक उंच, ती ह्यांनी धाब्याच्या छतावरून कडुनिंबाला बांधली. दुसरी जमिनीत, तिला अर्थिंग म्हणतात. ती ओल्या मातीत पुरलेली असली तरच लांबची स्टेशनं नीट येतात. आमचं अंगण सगळं मुरमाड. उन्हाळ्यात कुदळ मारली तर ठिणगी उडावी असं. बारा महिने ओल टिकून राहील अशी एकच जागा होती, ती म्हणजे सासूबाईंची तुळस. वृंदावन साधंच, दगडमातीचं, पण माती खोलवर भरलेली. सासूबाई देवळात गेलेल्या पाहून ह्यांनी तांब्याची एक लांब पट्टी तुळशीच्या मुळाशी खोल घातली आणि तार खिडकीतून आत घेतली.

सासूबाई आल्या आणि अंगणात जे काही झालं ते आळीनं ऐकलं.

"माझ्या तुळशीत सळई खुपसतोस? कुठं शिकलास हे? पुण्याला?"

"तांबंच हाय की, आई. तुम्ही देवाला पळी-पंचपात्र कशाचं वापरता?"

यावर सासूबाई जास्तच चिडल्या. दोन दिवस अबोला झाला. शेवटी त्यांनी आपल्यापुरती तोड काढली. तुळशीला त्रास होतोय तर तिला पाणी तरी जास्त मिळावं. तेव्हापासून रोज पूजा झाली की तांब्याऐवजी भरलेली कळशी त्या तुळशीला घालू लागल्या आणि वर तिची क्षमा मागू लागल्या. रेडिओ त्या दिवसापासून असा काही लागायला लागला की विचारू नका. सासूबाईंचं प्रायश्चित्त आमच्या कामी येत होतं आणि हे मिशीत हसत होते.

त्या उन्हाळ्यात सासूबाई माहेरी गेल्या होत्या. पाणी घालायचं काम माझं, आणि मी आपली तांब्याभर घालून मोकळी व्हायची. एका पहाटे रंगून बारीक झालं. हे उठले, आडातून कळशीभर पाणी काढून तुळशीत ओतलं, आणि परत येऊन बसतात तो रंगून खणखणीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच करत होते, तेवढ्यात सासूबाई पहाटेच्या मोटारीनं येऊन दारात उभ्या. आपला इंग्रजी शिकलेला मुलगा, अंघोळीच्याही आधी, तुळशीला पाणी घालतोय! त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. पुढं कितीतरी दिवस त्या सांगायच्या की देवीनं माझ्या लेकाला बुद्धी दिली. आम्ही दोघांनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मग लढाई सुरू झाली आणि वायरलेसची माणसं फौजेला हवी झाली. हे भरती झाले. मामंजी रागावले, सासूबाई रडल्या, मी काय केलं ते मला आठवत नाही. जाताना एवढंच म्हणाले, "सिंगापूरला जातोय. पहाटे सिंगापूर लाव. मी तिथंच कुठंतरी हाय असं समज."

मी लावायची. आता मामंजीही येऊन बसत, कारण त्यांना लढाईच्या बातम्या हव्या असत आणि लांबची स्टेशनं त्यांच्या बोटांना दाद देत नसत. सुनेनं सासऱ्यासमोर बसून रेडिओ लावायचा, हे सासूबाईंना पटत नव्हतं. पण त्याही दाराआड बसून ऐकत. त्यांना फक्त एवढंच हवं असायचं की 'सिंगापूर' हा शब्द एकदा ऐकू यावा. तो आला की उठून पूजेला लागत.

मग सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. काही दिवस त्या जागी नुसती खरखर होती. नंतर तेच स्टेशन पुन्हा बोलू लागलं, पण माणसं दुसरी, गाणी दुसरी. फौजेकडून एक कागद आला. मामंजींनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि एकच शब्द म्हणाले, "बेपत्ता."

मेला असं कुणी म्हटलं नव्हतं. जिवंत आहे असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्या दोन्हींच्या मधे मी राहू लागले. हळदीकुंकवाला गेले की करंडा घेतलेली बाई माझ्यापुढं येऊन क्षणभर थांबायची. लावायचं की नाही? कुणी लावायची, कुणी नुसतं हळदीचं बोट लावून पुढं सरकायची. मला संताप यायचा. एकदा घरी येऊन मी सांगून टाकलं की आता मी कुठं जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला समोर बसवलं आणि आपल्या हातानं माझ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. मग रोजच लावू लागल्या. "हे बघून कुणाला थांबायचं त्यानं थांबावं," म्हणाल्या. सासूबाईंचा आणि माझा तोवर फारसा जीव जडलेला नव्हता. तो त्या कुंकवानं जडला.

असं वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले. मग एका पहाटे त्या स्टेशनवर हिंदुस्थानीतून एक माणूस नावं वाचू लागला. नाव, बापाचं नाव, गाव, इलाखा. ही कैदेत असलेल्या हिंदुस्थानी शिपायांची नावं होती. मामंजी ताठ झाले. दुश्मनाचं स्टेशन, त्यात निजाम सरकारचा पेन्शनर. खिडकीला घोंगडी लावून आम्ही आवाज आणखी बारीक केला. रोज थोडी थोडी नावं यायची. पंजाबची झाली, मद्रासकडची झाली, मुंबई इलाख्याची झाली. एका पहाटे तो म्हणाला की आता यापुढं हैदराबाद दक्खनची नावं वाचली जातील.

त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. मला तर हसूही येत होतं आणि रडूही. नाव आलं तर तो माणूस आहे. सगळी नावं संपली आणि आलं नाही, तर मग काय?

आणि त्याच संध्याकाळी बेंबळीहून निरोप आला की मामंजींचे चुलतभाऊ वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. क्रियाकर्म मामंजींनीच करायचं होतं. ते तिथंच राहणार होते, सगळं उरकेपर्यंत. निघताना दारात थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, एक नाव सुटता कामा नये."

आम्हाला दहा दिवसांचं सुतक लागलं. सुतकात घरच्यांनी देवाला शिवायचं नाही, तुळशीलाही नाही. शेजारचे गुरुजी ऊन वर आल्यावर यायचे, देवांवर फूल ठेवायचे, तुळशीत पळीभर पाणी सोडायचे आणि जायचे. ऐन वैशाख होता.

पहिल्या पहाटेला सगळं स्पष्ट आलं. बीड, परभणी, नांदेड. दुसऱ्या दिवशीही ठीक. मग आवाज बसायला लागला. मला वाटलं बॅटरी उतरली. मोटारीच्या ड्रायव्हरच्या हाती सोलापूरला पाठवली, दुसऱ्या दिवशी भरून आली. त्यात एक पहाट हातची गेली, त्याचं काळजाला लागलं ते वेगळंच. बॅटरी जोडली तरी तो माणूस भिंतीपलीकडून बोलल्यासारखा. गावाचं नाव कळायचं तर माणसाचं नाव विरायचं. मी कान पेटीला चिकटवून बसले, माझा कान लाल झाला, आणि त्या खरखरीत कोण जाणे किती जणांची पोरं बुडून गेली.

दिवसा हैदराबाद लावून पाहिलं. खणखणीत! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बॅटरी उतरली असती तर हैदराबादही बसलं असतं. जवळचं येतंय आणि लांबचंच जातंय. मी उठून अंगणात गेले. तुळशीची पानं माना टाकून होती. माती कडेनं सुटून भेगाळली होती, आणि त्या भेगेत आमची तार कोरडी ठणठणीत दिसत होती.

तार उपटून दुसरीकडं पुरावी तर सगळा मुरूम. गुरुजींना कळशीभर घाला म्हणावं तर ते कारण विचारणार, आणि गुरुजींना सांगणं म्हणजे दवंडी पिटण्यासारखं. शिवाय ते घालणार उन्हात, पहाटेपर्यंत त्यातलं काय उरणार? मी सरळ सासूबाईंपाशी गेले आणि सांगितलं. हे तुळशीला पाणी घालत होते ते भक्तीनं नव्हे, तारेसाठी, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या गोष्टीचा राग आला असेल तर दाखवला नाही.

"मी घालते," मी म्हटलं. "पाप लागलं तर मला लागू दे."

"तुला लागलं तर काय न्हाई गं," त्या म्हणाल्या. "सुतकात तुळशीला हात लावला, आन् त्याचं वाईट त्याच्यावर गेलं तर? ज्याचं नाव ऐकायचंय त्याच्यावरच? एवढं कुणी सांगावं? न्हाई. हात लावू नगंस."

मी तर बार्शीची, थोडीफार शिकलेली, असल्या गोष्टींना नाक मुरडणारी. पण त्या क्षणी माझ्याही मनात आलं, जर खरंच असलं तर? मी आत येऊन बसले. संबंध दिवस आम्ही दोघी एकमेकींच्या समोरून ये-जा करत राहिलो. रडवेली झाले होते, पण रडले नाही, कारण रडणं म्हणजे ठरवून टाकण्यासारखं होतं.

पहाटे उठून रेडिओ लावला. तीच खरखर. तो माणूस होता कुठंतरी तळाशी, बोलत होता, पण त्याचा एक शब्द हाती येईना. मी बटण केसभर इकडं केलं, केसभर तिकडं केलं. आणि एकदम, मी काही न करता, आवाज वर आला. आधी जरासा, मग आणखी. मग असा स्पष्ट की त्याचा श्वास घेतलेलासुद्धा ऐकू यावा.

मी खिडकीची घोंगडी बाजूला केली. अंगणात झुंजुमुंजू होत होतं. सासूबाई कळशी वाकडी धरून तुळशीत पाणी ओतत होत्या. आडाचं पाणी तळाला गेलेलं. एवढं त्यांनी एकटीनं कसं ओढलं असेल देव जाणे. एक कळशी झाली, त्या आडाकडं गेल्या, दुसरी घेऊन आल्या. पुटपुटत होत्या. खिडकीतून मला तेवढंच ऐकू आलं, "माझ्यावर घे, बाई. त्याच्यावर नगं. माझ्यावर घे."

मी परत पेटीशी बसले. जिल्हा उस्मानाबाद सुरू झाला होता. कळंबचा एक. भूमचा एक. परंड्याचे दोन. प्रत्येक नावाला मला वाटायचं, हा कुणाचा तरी आहे, त्याच्या घरी रेडिओ असेल का? मग तो माणूस थांबला. कागद उलटल्याचा आवाज आला. आणि त्यानं नाव वाचलं. मग मामंजींचं नाव वाचलं. मग म्हणाला, तुळजापूर.

मी उठले ते उंबऱ्याला ठेचकाळतच अंगणात गेले. ओरडले की काय ते आठवत नाही.

"आलं!"

सासूबाई कळशी धरून तशाच उभ्या. "काय आलं?"

"नाव आलं!"

"कुणाचं?"

"ह्यांचं."

"ह्यांचं म्हंजे कुणाचं?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या डोळ्यांत मी असली भीती कधी पाहिली नव्हती. "कुणाचं बी असंल ते. गावात काय एकच 'हे' हाय व्हय? नीट सांग. काय नाव घेतलं त्यानं?"

आणि मी ते नाव घेतलं. उखाण्यात नाही, तोंडातल्या तोंडात नाही. अंगणात उभी राहून, मोठ्यानं, जसं त्या माणसानं वाचलं तसं: ह्यांचं नाव, मामंजींचं नाव, गाव तुळजापूर. सासऱ्याचंही नाव घेतलं हे नंतर माझ्या लक्षात आलं.

सासूबाईंनी कळशी खाली ठेवली. ओल्या जमिनीवरच तुळशीला टेकून बसल्या. सुतक, सोवळं, सगळं विसरल्या. मग म्हणाल्या, "पुन्यांदा घे."

मी पुन्हा घेतलं.

मामंजी क्रियाकर्म उरकून, डोकं भादरून परत आले तेव्हा आम्ही दोघी दारातच उभ्या होतो. बातमी ऐकून ते ओसरीवर बसले आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून दफ्तरातला एकही शब्द निघाला नाही. नुसतं "बरं झालं, बरं झालं" एवढंच. मग सासूबाईंनी खाली मान घालून सुतकातल्या पाण्याचं सांगितलं आणि प्रायश्चित्त काय घ्यावं विचारलं. मामंजींनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "ह्या बाबीची नोंद दफ्तरी घ्यायची जरूर न्हाई."

हे परत आले ते लढाई संपल्यावर, बऱ्याच दिवसांनी. मोटारीतून उतरलेला माणूस मी पटकन ओळखला नाही, इतके वाळले होते. सासूबाईंनी ओवाळलं. हे ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि अंगणात गेले. तुळशीपाशी वाकून तार हातानं चाचपली. "ओली हाय," म्हणाले, आणि तिथंच उभं राहून हसता हसता त्यांना रडू आलं.

नावाची गोष्ट सासूबाईंनी त्याच संध्याकाळी फोडली. तेव्हापासून ह्यांनी माझा पिच्छा सोडला नाही. निजामाचं राज्य गेलं, आळीत वीज आली, नवा रेडिओ आला, पोरं झाली, तरी पहाटे खरखरीतून कुठलं तरी लांबचं स्टेशन लावून दिलं की हे भिंतीला टेकून म्हणायचे, "एकदा माझ्यादेखत घे की. मी अजून ऐकलं न्हाई. म्हंजे लग्न अजून पुरतं लागलंच न्हाई."

मी बटण फिरवत राहायची. उत्तर पलीकडच्या खोलीतून, अंथरुणात पडल्या पडल्या, सासूबाई द्यायच्या.

"घेतलंय तिनं. दोनदा. म्या ऐकलंय."